नाल्याच्या पाण्याचे सगळे आकडे मर्यादेत, तरी बंधाऱ्यातले मासे का मेले?

सीनाकाठ (मूळ धागा)

नमस्कार मंडळी. आमचं गाव सीनेच्या काठावर, सोलापूरच्या खालच्या अंगाला. गावाचं आणि बंधाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणावर आळ घ्यायचा नाही, आधी नीट समजून घ्यायचंय.

आमच्या मच्छीमार संस्थेने ठेका भरून हा केटी बंधारा घेतलाय. गेल्या पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली, ती आता विकायच्या वजनाला आली होती. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, शहराकडून येणारा नाला भरून वाहिला आणि काळपट, फेसाळ पाणी बंधाऱ्यात उतरलं. दुसऱ्या दिवशी मासे वर यायला लागले. संध्याकाळपर्यंत काठ पांढरा झाला. कुजक्या अंड्याचा वास घरापर्यंत यायलाय.

वर्गणी काढून नाल्याच्या तोंडाचं पाणी खाजगी प्रयोगशाळेतून तपासून आणलं. सामू (म्हणजे पीएच, पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते), तांबं, क्रोमियम, क्लोरीन, सल्फाइड, अमोनिया, प्रत्येकापुढे एकच शेरा: मर्यादेत. आता संस्थेतले म्हातारे विचारतात, सगळंच मर्यादेत आहे तर मासे मेले कशाने? मला उत्तर देता येत नाही. कुणाला या विषयातलं कळत असेल तर सांगा.

उजनीकाठ

दादा, वाईट वाटलं. आम्ही भिगवणकडचे, धरणात जाळं टाकून पोट भरणारे. पुण्या-पिंपरीचं पाणी मुळा-मुठेतून आमच्याकडेच येतं, त्यामुळे हे दुःख आमच्या ओळखीचं.

तीन गोष्टी सांगा. मासे पहाटे मेले की दिवसा? आधी मोठे गेले की लहान? आणि मरळ, मांगूर जिवंत आहेत का?

विचारायचं कारण असं. पाण्यातला ऑक्सिजन संपून मासे मरतात तेव्हा ते बहुतेक पहाटे मरतात, कारण रात्रभर शेवाळही ऑक्सिजन खातं. मोठ्या माशाला जास्त लागतो म्हणून मोठे आधी जातात. तोंड वर काढून घोट घोट हवा घेताना दिसतात. मरळ आणि मांगूर मात्र वरची हवा घेऊ शकतात, ते टिकतात. विषाने मरण असेल तर वेळ-काळ नसतो, लहान पिल्लं आधी जातात आणि मरळही सुटत नाही.

सीनाकाठ

भर दुपारी सुरू झालं. आधी बारकी चिलापी आणि झिंगे, मग मोठे. मरळ सुद्धा मेली. काही मासे गोल गोल फिरत होते, अंगावर चिकट थर होता.

उजनीकाठ

मग नुसत्या ऑक्सिजनचा खेळ नाही. चिलापी घाणेरड्या पाण्यातही तग धरते, ती आधी गेली म्हणजे पाण्यात काहीतरी आलंच. जाणकारांनी पुढे बोलावं.

रंगारी_अण्णा

मी सुताचं रंगकाम करणाऱ्या घरातला. चादर-टॉवेलच्या धंद्यात आमची तिसरी पिढी. सगळे बोट आमच्याकडेच दाखवणार हे माहीत आहे, म्हणून आत काय होतं ते सरळ सांगतो.

सूत आधी उकळतो, त्यात कॉस्टिक सोडा (तीव्र अल्कली) आणि साबणासारखं ओलं करणारं रसायन. मग ब्लीच, म्हणजे क्लोरीन. मग रंग. व्हॅट रंगाला कॉस्टिक आणि हायड्रोस लागतो. सल्फर काळ्याला सोडियम सल्फाइड. रिअॅक्टिव्ह रंगाला मीठ आणि सोडा अॅश, आणि तो रंग सगळा सुताला कधीच चढत नाही, काही भाग पाण्याबरोबर जातोच. शेवटी अॅसिडने धुणं आणि पुन्हा साबण. प्रत्येक टाकीचं पाणी वेगळं, वेळ वेगळी. आमच्या टाकीतून एका वेळी एकच निघतं. पण नाल्यात माझं ब्लीच, शेजाऱ्याचं सल्फाइड, तिसऱ्याचं कॉस्टिक आणि वर अख्ख्या वस्तीचं सांडपाणी एकत्र होतं. आम्हा छोट्या कारखानदारांना एकट्याने शुद्धीकरण यंत्रणा चालवणं परवडत नाही, सामुदायिक यंत्रणा नीट चालली तरच हे जमतं. आणि रात्री गुपचूप सोडणारे आमच्यातही आहेत. त्यांची बाजू मी घेणार नाही.

रंगावर एक सांगतो. लाल-निळं पाणी दिसलं की लोक म्हणतात रंगाने मासे मेले. माझा अनुभव वेगळा आहे. दिसतो तो रंग, मारणारं बहुतेक वेळा न दिसणारं असतं.

प्राणिशास्त्र_शिकवते

रंगारी_अण्णांनी अर्ध्याहून अधिक उत्तर दिलं आहे. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते, माशांवरच्या विषचाचण्या हा माझ्या अभ्यासाचा भाग होता, म्हणून सविस्तर लिहिते.

रंगाबद्दल ते बरोबर आहेत. सुती कापडाच्या बहुतेक रंगांचं तात्काळ विष माशांना कमी असतं. अपवाद मॅलाकाइट ग्रीन, क्रिस्टल व्हायोलेट यांसारख्या रंगांचा, ते फार विषारी. बाकीच्या रंगांचं मुख्य नुकसान म्हणजे ऊन पाण्यात उतरत नाही, शेवाळाचं ऑक्सिजन तयार करणं थांबतं.

आता मूळ प्रश्न. मर्यादा प्रत्येक रसायनाची स्वतंत्रपणे ठरवलेली असते आणि ती ठरवताना असं गृहीत धरलेलं असतं की सोडलेलं पाणी नदीच्या भरपूर स्वच्छ पाण्यात मिसळेल. सीनेला उन्हाळाअखेर वाहतं पाणी असतं का? बंधाऱ्यात साठलेलं, तापलेलं, आटलेलं पाणी असतं. तिथे नालाच नदी होतो.

उदाहरण घ्या. आपल्याकडे नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात उरलेल्या क्लोरीनला लिटरमागे १ मिलिग्रॅमची मुभा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी अल्पकाळाची सुरक्षित पातळी ०.०१९ मिलिग्रॅम धरली आहे. सल्फाइडला आपल्याकडे २ मिलिग्रॅमची मुभा, तर हायड्रोजन सल्फाइडची त्यांची पातळी ०.००२. एक मर्यादा नळीच्या तोंडाची आणि दुसरी माशाच्या कल्ल्याजवळची, त्यामुळे थेट तुलना करता येत नाही. पण मधलं अंतर भरून काढायला स्वच्छ पाणीच नसेल तर मासा नळीच्या तोंडाशीच राहतो.

दुसरी गोष्ट, मिश्रण. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप माशाला फारसं लागत नाही, दुसरं, ज्याला मुक्त अमोनिया म्हणतात, ते कल्ल्यातून सरळ रक्तात जातं. कोणतं रूप किती हे सामू आणि तापमान ठरवतं. ३० अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर शंभरात एक भागसुद्धा मुक्त नसतो. सामू ८ झाला की सुमारे ७ टक्के. सामू ९ झाला की चाळिशीच्या वर. म्हणजे वस्तीच्या सांडपाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम अमोनियाकल नायट्रोजन (म्हणजे दोन्ही रूपं मिळून) असेल (मर्यादा ५० आहे) आणि त्यात कॉस्टिकचं पाणी मिसळून सामू ९ झाला (हीसुद्धा मर्यादेतच) तर जवळपास ९ मिलिग्रॅम मुक्त अमोनिया तयार होतो. बहुतेक माशांना लिटरला एक-दोन मिलिग्रॅम चार दिवसांत मारायला पुरतो. सांडपाणी एकटं असतं तर मासे कदाचित तगले असते. कॉस्टिकही तेवढंच असतं तर तगले असते.

सल्फाइडचं बरोबर उलटं. अल्कधर्मी पाण्यात ते बरंचसं निरुपद्रवी रूपात असतं आणि सामू ७ पर्यंत उतरला की निम्मं हायड्रोजन सल्फाइड होतं. पावसाचं पाणी नाल्यात मिसळलं की सामू उतरतो. तुमच्याकडे कुजक्या अंड्याचा वास पावसानंतरच आला, हे लक्षात घ्या. सामू चढला तर अमोनिया, उतरला तर सल्फाइड. माशाला दोन्हीकडून मार.

साबणासारख्या रसायनांचं काम आणखी वेगळं. कल्ल्याच्या पाकळ्यांवर श्लेष्माचा पातळ थर असतो, ती माशाची ढाल. ही रसायनं तो थर बिघडवतात, पाकळ्या सुजतात, एकमेकींना चिकटतात. श्वासही जड होतो आणि बाकीची विषं आत शिरायला वाट मिळते. तुम्ही लिहिलेला चिकट थर म्हणजे कल्ल्याने आणि कातडीने बचावासाठी ओतलेला श्लेष्मा.

प्रोसेस_इंजिनिअर

मॅडम, माहितीबद्दल आभार, पण एक शंका. रासायनिक उद्योगात काम करतो म्हणून विचारतोय. अमोनिया-सामूचं मान्य, ते सरळ रसायनशास्त्र आहे. पण प्रत्येक रसायन त्याच्या घातक पातळीच्या कितीतरी खाली असेल तर त्यांची नुसती बेरीज होऊन मासा मरतो हे कशावरून? शरीर थोडंथोडं सहन करतंच की. नाहीतर कुठलंच पाणी कुणाला चालणार नाही.

प्राणिशास्त्र_शिकवते

रास्त शंका आहे आणि तिचं उत्तर प्रयोगातून मिळालेलं आहे. नेदरलँड्समध्ये क्योनेमान या संशोधकाने १९८० च्या सुमारास गप्पी माशांवर हेच तपासलं. ५० सेंद्रिय औद्योगिक रसायनं घेतली. ज्या प्रमाणात एखादं रसायन एकट्याने निम्मे मासे मारतं, त्याच्या पन्नासाव्या भागाइतकं प्रत्येक टाकलं. एकट्याने त्यातल्या कुणाचाही परिणाम दिसला नसता. सगळी मिळून बेरीज एक भरली आणि मासे बेरजेने सांगितल्याप्रमाणेच मेले.

याला विषएककांची बेरीज म्हणतात. प्रत्येक रसायनाचं पाण्यातलं प्रमाण भागिले त्याचं घातक प्रमाण. समजा क्लोरीन ०.४, अमोनिया ०.४, तांबं ०.३. प्रत्येक जण एकाच्या आत, बेरीज १.१. (आकडे समजण्यासाठी घेतलेत, सीनाकाठ यांच्या अहवालातले नाहीत.)

तुमचा मुद्दा एका बाजूने खरा आहे: सरळ बेरीज मुख्यतः एकाच पद्धतीने काम करणाऱ्या रसायनांना लागू पडते. क्योनेमानची ५० रसायनं तशीच निवडलेली होती. वेगवेगळ्या पद्धतीने मारणारी रसायनं असतील तर गणित बदलतं, बहुतेकदा परिणाम बेरजेहून थोडा कमी येतो. कधी एक दुसऱ्याला अडवतंही. आपलं पाणी दगडाळ मुलखातलं, जड. त्यातलं कॅल्शियम कल्ल्यावर तांब्याची जागा अडवतं, म्हणून तेच तांबं हलक्या पाण्यात जास्त मारतं. आणि कधी बेरजेच्या पुढे जातं. अमेरिकेत २००९ साली कोहो सामनच्या पिल्लांवर शेतीची कीटकनाशकं जोडीजोडीने वापरून पाहिली. डायझिनॉन आणि मॅलेथिऑन एकत्र आले की मेंदूतल्या एन्झाइमवरचा परिणाम बेरजेपेक्षा मोठा निघाला, काही जोड्यांत पिल्लं मेलीच.

प्रोसेस_इंजिनिअर

पटलं. म्हणजे पन्नास ओळींच्या तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण असूनही पाणी घातक असू शकतं. आमच्याकडे अहवाल वाचताना असा विचार कुणी करत नाही.

मग सीनाकाठ यांच्या अहवालाबद्दल एक विचारतो. नमुना कधी घेतला? क्लोरीन काही तासांत उडून जातं, सल्फाइडही. बाटलीत झिंक अॅसिटेट आणि अल्कली घालून ठेवलं नसेल तर सल्फाइडचा आकडा कमीच येणार.

सीनाकाठ

दुसऱ्या दिवशी दुपारी घेतला. बिसलेरीच्या बाटलीत. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोचला. औषध वगैरे काही घातलं नव्हतं. अहवालात मुक्त अमोनियाची वेगळी ओळ नाही, नुसता अमोनियाकल नायट्रोजन आहे.

प्राणिशास्त्र_शिकवते

मग त्या अहवालातून मासे कशाने मेले हे ठरणार नाही, आणि कशाने मेले नाहीत हेही नाही. प्रयोगशाळेला सामू आणि तापमान विचारा, त्यावरून मुक्त अमोनिया काढता येतो. पण सामू नमुना घेताक्षणी मोजलेला हवा.

बागायतदार_पंढरपूर

या चर्चेत कारखान्यांइतकंच आमचंही नाव घ्या. द्राक्ष आणि डाळिंबाला आम्ही बोर्डो मारतो, म्हणजे तांबं. त्यावर किडीचं औषध, बुरशीचं औषध, एकाच टाकीत दोन-तीन. फवारणीचा पंप ओढ्यावर धुणारे मी रोज बघतो. पहिल्या पावसात शेतातलं हे सगळं नदीतच उतरतं. नुसता रंगाऱ्यांवर खापर फोडून चालणार नाही.

उजनीकाठ

खरंय. आणि साखर कारखान्यांच्या भागात मळीचं पाणीही आहे. त्यात विषापेक्षा कुजणारा मालच इतका असतो की थोडं आलं तरी पाण्यातला ऑक्सिजन संपतो. तो प्रकार आम्ही पहाटेच्या मरणावरून ओळखतो.

मॅडम, जे मासे वाचले त्यांचं काय? आमच्याकडे जाळ्यात येतात ते वरून धडधाकट दिसतात.

प्राणिशास्त्र_शिकवते

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त सतावतो, कारण मेलेला मासा दिसतो तरी.

तांब्याची लिटरला काही मायक्रोग्रॅम इतकी मात्रासुद्धा माशाचं नाक बधिर करते. शत्रूने जखमी केलेल्या माशाच्या कातडीतून जो वास सुटतो तो इतरांना कळत नाही, ते पळत नाहीत. अहवालात असा मासा निरोगीच धरला जातो.

दुसरं, ओलं करणाऱ्या आणि धुण्याच्या काही औद्योगिक रसायनांचं विघटन होऊन नोनिलफेनॉल तयार होतं. ते माशाच्या शरीरात मादीच्या संप्रेरकासारखं वागतं. नराच्या यकृतात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार व्हायला लागतं. इथेही बेरीज लागू पडते: फॅटहेड मिनो या माशावर २००५ साली पाच संप्रेरकसदृश रसायनं एकत्र दिली, एकेकटी निष्प्रभ वाटणारी मात्रा एकत्रित परिणामकारक ठरली. आणि अशा परिणामाने अख्खी जात संपू शकते, हे कॅनडातल्या एका प्रायोगिक तलावात दिसलं. तिथे कृत्रिम इस्ट्रोजेन लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम एवढंच सोडलं, आणि काही वर्षांत त्याच माशाची संख्या जवळजवळ शून्यावर आली. मेलेल्या माशांचा ढीग तिथे कुणालाच दिसला नाही. नवीन पिल्लंच आली नाहीत.

कायदा_पाहते

आता माझ्या कामाचं सांगते. या सगळ्या चर्चेचं उत्तर आपल्या नियमांत आधीपासून आहे, फक्त कुणी मागत नाही.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या अनुसूची ६ मध्ये सांडपाण्याची सर्वसाधारण मानकं आहेत. सामू ५.५ ते ९, बाकी लिटरला मिलिग्रॅममध्ये: बीओडी आणि सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाईल याची मापं) ३० आणि २५०, तांबं ३, अमोनियाकल नायट्रोजन ५०, मुक्त अमोनिया ५, ही यादी सगळ्यांना पाठ असते. त्याच यादीत जैवचाचणीची ओळ आहे: १०० टक्के सांडपाण्यात, म्हणजे न मिसळता, मासे ठेवायचे आणि ९६ तासांनंतर ९० टक्के जिवंत असले पाहिजेत. ही चाचणी रसायनांची नावं विचारत नाही. पाण्यात काय काय आहे, कुणी कुणाला जोर दिला, यादीत नसलेलं काय आहे, ते सगळं मासाच सांगतो. तुमच्या म्हाताऱ्यांच्या प्रश्नाला सरळ भिडणारी हीच एक ओळ आहे.

म्हणून माहिती अधिकारात, १० रुपये शुल्क भरून, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयाकडे हे मागा: त्या नाल्यात सोडणाऱ्या उद्योगांच्या संमतीपत्रांच्या प्रती, त्यात जैवचाचणीची अट आहे का, आणि असेल तर मागच्या चाचण्यांचे निकाल. ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

पुढच्या वेळी मासे मरताना दिसले तर आधी मंडळाला आणि मत्स्यव्यवसाय विभागाला लेखी कळवा, तलाठ्यासमोर पंचनामा करा. तुमची बाटली माहितीसाठी उपयोगी आहे, पण कोर्टात टिकतो तो मंडळाने जल अधिनियम, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे घेतलेला सीलबंद नमुना. नुकसानभरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे पाच वर्षांच्या आत जाता येतं, पण पुरावा पहिल्या दिवसाचाच लागतो.

प्राणिशास्त्र_शिकवते

त्यात भर घालते. सामू आणि विरघळलेला ऑक्सिजन काठावरच मोजा. पाण्याची बाटली काठोकाठ भरा, बर्फात ठेवा. पूर्ण मेलेल्या माशापेक्षा तडफडणारा मासा घ्या, कल्ल्यांवरून बरंच समजतं, सडल्यावर काही हाती लागत नाही. नाल्याच्या वरच्या बाजूचं स्वच्छ पाणीही घ्या, तुलनेशिवाय आकड्याला अर्थ नाही. आणि तरंगलेले मासे विकू नका, खाऊही नका.

सीनाकाठ

तुम्हा सगळ्यांचे आभार. रात्री संस्थेची बैठक झाली, तिथे हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. विकायचा माल गेला, आता नवीन बोटुकली सोडायची की नाही यावर वाद आहे. नाला अजून तसाच वाहतोय. लगेच सोडली आणि पुन्हा असंच झालं तर संस्था उभी राहणार नाही.

उजनीकाठ

सगळी एकदम सोडू नका. हापा, म्हणजे पाण्यात बांधायचा जाळीचा पिंजरा, लावा. बंधाऱ्यात नाल्याच्या तोंडाजवळ एक आणि लांब वरच्या बाजूला एक, दोन्हींत थोडी थोडी बोटुकली. चार दिवस बघा. खालच्या हाप्यात मेली आणि वरच्यात जगली तर तुम्हाला उत्तर मिळालं.

कायदा_पाहते

आणि रोज सकाळ-संध्याकाळ किती जिवंत, याची नोंद वहीत ठेवा, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. ९६ तास म्हणजे बरोबर तेच चार दिवस. ही मंडळाची अधिकृत चाचणी नाही, पण अधिकृत चाचणीची मागणी करताना याहून भक्कम कारण दुसरं नसेल.

प्राणिशास्त्र_शिकवते

हापा लावाल तेव्हा कळवा. महाविद्यालयातलं सामू-मापक आणि ऑक्सिजन-मापक घेऊन मी मुलांसह येईन. पाण्याचं तापमान दुपारी आणि पहाटे, दोन्ही वेळा घेऊ.

रंगारी_अण्णा

मी आमच्या गल्लीतल्या रंगकामवाल्यांशी बोललो. सगळे तयार नाहीत, पण काही जण आहेत. कोणत्या वारी ब्लीच, कधी सल्फर काळा, किती वाजता कोणती टाकी सुटते याचं वेळापत्रक लिहून देतो. मॅडमनी त्या वेळा धरूनच पाणी घ्यावं, म्हणजे कशाशी काय मिसळतंय ते कळेल. आणि ब्लीचची टाकी सोडायच्या आधी क्लोरीन मारायला थायोसल्फेट घालायचं, हे माझ्या कारखान्यात या सोमवारपासून सुरू करतोय.